ब्रॉयलरला इंजेक्शन टोचतंय कोण?

आखाड लागला की एक मेसेज हमखास फिरतो: ‘ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देऊन चाळीस दिवसांत फुगवतात. हे विष खाऊ नका. प्रोटीन हवंच असेल तर अंडी खा, त्यात हिंसा नाही.’

आधी इंजेक्शन. वाढीचं हार्मोन हे प्रथिन आहे. खाद्यात घातलं तर पोटात पचून जाईल. म्हणजे टोचावंच लागणार, तेही पुन्हा पुन्हा. पाच हजार पक्ष्यांच्या शेडवर बहुधा नवरा-बायको दोघंच राबतात. एकेक कोंबडी धरून टोचत बसणार कोण? शेडमध्ये औषधासारखं दिसतं ते अनेकदा मानमोडी या कोंबड्यांच्या रोगावरची लासोटा लस असते: पिल्लाच्या डोळ्यात थेंब, पुढे पिण्याच्या पाण्यातून. अँटिबायोटिकचा प्रश्न मात्र खरा आहे. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कोंबड्यांना देण्यावर केंद्राला २०१९ मध्ये बंदी घालावी लागली. मेसेजला त्याचा पत्ताच नाही.

मग चाळीस दिवसांत दोन किलो भरतात कसे? निवडीमुळे. कॅनडाच्या अल्बर्टा विद्यापीठानं १९५७ चा जपून ठेवलेला वाण आणि २००५ चा ब्रॉयलर एकाच खाद्यावर वाढवले. ५६ व्या दिवशी जुना भरला ९०५ ग्रॅम, नवा ४,२०२. पिढ्यान्‌पिढ्या जो भराभर वाढला त्याचीच अंडी उबवत गेले, एवढंच. आणि खरं दुखणं इथंच आहे. छाती भरली, पाय आणि हृदय मागे राहिलं. शेवटच्या आठवड्यात काही पक्ष्यांना उठून पाण्यापर्यंत जाणंही जड होतं. त्यांच्या आईबापांची गत आणखी वाईट. भूक तीच, पण पोटभर घातलं तर लठ्ठ होतात आणि अंडी घटतात, म्हणून त्यांना मोजून अर्धपोटी ठेवतात. इंजेक्शन असतं तर उद्या बंद करता आलं असतं. हे तर जातीतच मुरलंय.

राहिली अंडी. अंड्यांसाठी पोसतात त्या कोंबडीची जात वेगळी. तिचा नर अंडी देत नाही आणि मांसासाठी पोसणं परवडत नाही. म्हणून हॅचरीत पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळी करून नर मारून टाकतात. जर्मनीनं २०२२ पासून हे कायद्यानं बंद केलं, तिथं आता पिल्लू बाहेर यायच्या आत अंड्यातच लिंग ओळखतात.

हिंसा टाळायचीच होती, तर मेसेजवाल्यानं अंड्यांऐवजी हरभरा, मटकी, सोयाबीन लिहायचं. सोयाबीन तर आपल्याच लातूर-वाशीमला पिकतं. तेल काढल्यावर उरणारी प्रथिनांची पेंड मात्र जाते कोंबडीखाद्यात.