मर्जर झटपट, करार रखडलेला, आणि बिल मात्र युनियनच्या नावावर

सध्या एक दावा जोरात फिरतोय, की अमेरिकेत दोन अख्ख्या एअरलाइन बघता बघता एक होतात पण युनियनला पगाराचा आणि कामाच्या नियमांचा एक करार करायला सहा वर्षं लागतात, कारण त्यांची हाव संपत नाही. उदाहरण ठरलेलं, युनायटेड आणि कॉन्टिनेन्टल. ठीके, तेच घेऊ.

आधी ते "झटपट". ऑक्टोबर २०१० मध्ये एक झाली ती मालकी. दोघांचं मिळून एकच ऑपरेटिंग सर्टिफिकेट (विमानं चालवायचा सरकारी परवाना) यायला २०११ चा नोव्हेंबर संपला आणि तिकिटांची सिस्टीम जोडायला मार्च २०१२ उजाडला. पायलटांचा एकत्र करार २०१२ च्या शेवटी झाला, केबिन क्रूचा थेट २०१६ मध्ये. म्हणजे शेअरवाल्यांचं लग्न लागलं आणि घरातली माणसं कितीतरी वर्षं वेगळ्या चुलींवरच होती.

आता हाव. तिथे रेल्वे लेबर ॲक्ट हा कामगार कायदा लागतो, १९२६ चा, एअरलाइनना १९३६ पासून. त्यात कराराची मुदत संपली तरी करार संपत नाही, नवा होईपर्यंत जुनाच पगार आणि जुनेच नियम चालू राहतात, मग महागाई कितीही वाढो. मग उशीर कुणाला परवडतो सांगा बरं? मागची थकबाकी मिळेलच असंही नाही, तीसुद्धा टेबलावर भांडूनच घ्यावी लागते.

"एवढा त्रास होतो तर संप करा ना" म्हणणाऱ्यांनी हाच कायदा जरा पुढे वाचावा. नॅशनल मीडिएशन बोर्ड ही सरकारी संस्था मध्यस्थी करते आणि तिनेच मध्यस्थीतून सोडल्याशिवाय संपाकडे जाताच येत नाही, सोडलं की वर ३० दिवस थांबायचं, आणि त्यानंतरही राष्ट्राध्यक्ष इमर्जन्सी बोर्ड नेमून आणखी लांबवू शकतात. मीडिएशन बोर्डाने कधी सोडायचं याला तारीखच नाही!

आणि मर्जर नसताना काय होतं? साउथवेस्ट एअरलाइनच्या केबिन क्रूचा करार २०१८ मध्ये बदलायला खुला झाला, नवा मंजूर झाला एप्रिल २०२४ मध्ये. तिथे कुठलं मर्जर होतं?

उलट डेल्टा-नॉर्थवेस्टचं मर्जर बघा, २००८. पायलटांचा एकत्र करार व्यवहार पूर्ण व्हायच्या आधीच झाला, सिनिऑरिटी लिस्टचा (कोण किती जुना, त्या क्रमवारीचा) निकालही त्याच वर्षी लागला. व्यवस्थापनाला पायलट सोबत हवे होते, म्हणून आधीच बसले बोलायला. मनात असलं की होतं.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्टच्या (मर्जर २००५) पायलटांचं घोंगडं भिजत पडलं ते बरंचसं आपसातल्या भांडणाने. सिनिऑरिटी लिस्टवरचा २००७ चा लवादाचा निकाल यूएस एअरवेजच्या पायलटांना पटला नाही आणि त्यांनी पुढच्या वर्षी युनियनच बदलून टाकली. पण यालाही हाव म्हणणं सोपंय, कारण कोणतं विमान, कोणता रूट, कधी सुट्टी आणि नोकरकपातीत पहिला कोण, सगळं त्या लिस्टवर ठरतं. अमेरिकन एअरलाइन्सने २००१ मध्ये टीडब्ल्यूए ही एअरलाइन घेतली तेव्हा तिथल्या केबिन क्रूला लिस्टच्या तळाशी टाकलं, वीस-वीस वर्षं नोकरी झालेले लोक नव्या भरतीच्याही खाली गेले आणि कपात आली तेव्हा आधी तेच बाहेर. त्यावर २००७ मध्ये कायदा करावा लागला, की दोन लिस्ट एकत्र करताना न्याय्य पद्धतच हवी, वाटाघाटीने नाही जमलं तर लवादाकडे जा. आता त्यात वेळ जातो, तो जाणारच.