चार मिनिटांचा हिशेब

आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर रविवारी पुढील मजकूर झळकला: ‘गच्चीवर संशयास्पद लोखंडी यंत्र ठेवणाऱ्या सभासदाने ते त्वरित हटवावे, अन्यथा होणाऱ्या परिणामांस सोसायटी जबाबदार राहणार नाही.’ परिणाम कोणते, याचा खुलासा केलेला नाही. त्याच गच्चीवर कोणाचे तरी तडा गेलेले कमोड, एका माजी अध्यक्षांची चाके नसलेली सायकल आणि गणपतीच्या मंडपाचे बांबू वर्षानुवर्षे निर्धास्तपणे नांदत आहेत. त्यांच्यावर आजवर कोणाचा संशय गेलेला नाही.

यंत्र माझे आहे. चोरबाजारातून आणलेला तो दुर्बिणीचा जुना इंग्लिश बनावटीचा माउंट आहे; दुर्बीण कधीच नाहीशी झालेली असून उरला आहे तो केवळ तिला पेलणारा आणि फिरवणारा सांगाडा. रचना जर्मन पद्धतीची, म्हणजे जर्मन भिंगकार फ्राउनहोफरने 1824 मध्ये डोरपातच्या (आजचे एस्टोनियातील तार्तू) वेधशाळेतील मोठ्या दुर्बिणीसाठी वापरली तीच: एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर, दुसरा त्याला काटकोनात, एका टोकाला दुर्बीण आणि दुसऱ्या टोकाला तिचा तोल सांभाळणारे वजन. अक्ष फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, म्हणजे वर्म व्हीलच्या, दात्यांतील ग्रीस चिक्कीसारखे घट्ट झाले होते, ते टर्पेंटाइन आणि दात घासण्याच्या ब्रशने काढले. पितळी अंशचक्रावरील आकडे मात्र मुद्दाम फारसे घासले नाहीत, कारण चकाकीच्या नादात रेघाच पुसून टाकलेली अंशचक्रे मी पाहिलेली आहेत.

खरा छळ स्क्रूंनी मांडला. हा माउंट व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाच्या, आट्यांच्या काळातील आहे. पाव इंची स्क्रूला इंचाला 20 आटे आणि आट्याचा कोन 55 अंश; आज बाजारात मिळतो तो मेट्रिक, 60 अंशांचा. नागदेवी स्ट्रीटवर जगातील कोणताही नटबोल्ट मिळतो अशी माझी श्रद्धा होती. ‘सहा एमएमचा घ्या साहेब, थोडा जोर लावला की बसतो,’ असे मला तेथे एकामागून एक सर्व दुकानदारांनी सांगितले. जोर लावला की बसतो हे खरेच आहे, परंतु मग माउंटचे जुने आटे कायमचे उठतात. अखेर खेतवाडीतील एका वृद्ध लेथवाल्याने काहीही न विचारता ड्रॉवरमधून स्क्रूवर तसेच आटे पाडणारी जुनी डाय काढली. या साऱ्या प्रकरणात मला प्रश्न न विचारणारा तो एकमेव मनुष्य होय.

गच्चीवर माउंट जोडून मोटर लावली, त्याच वेळी सोसायटीचे खजिनदार पाण्याची टाकी पाहण्याच्या निमित्ताने वर आले. हे काका एका बँकेच्या ऑडिट विभागातून निवृत्त झालेले आहेत, परंतु ऑडिट त्यांच्यातून निवृत्त झालेले नाही.

‘हे काय करते?’

‘फिरते, काका. ताऱ्याच्या मागोमाग.’

‘पण हलताना तर दिसत नाही.’

‘फार सावकाश फिरते. एका फेरीला 23 तास 56 मिनिटे आणि 4 सेकंद लागतात.’

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘दिवस 24 तासांचा असतो.’

‘सूर्याच्या हिशेबाने. ताऱ्यांच्या हिशेबाने जवळजवळ चार मिनिटे कमी.’

‘मग ती चार मिनिटे गेली कुठे?’

मी समजावू लागलो की पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही पुढे सरकते, त्यामुळे सूर्य पुन्हा समोर यायला तिला रोज किंचित जास्त वळावे लागते. काकांनी खिशातून पेन काढून वर्तमानपत्राच्या कडेला गुणाकार मांडला. चार गुणिले 365 म्हणजे 1460 मिनिटे, म्हणजे जवळजवळ 24 तास.

‘म्हणजे वर्षाला एक पूर्ण फेरा जास्तीचा होतो!’

‘अगदी बरोबर, काका. पृथ्वी वर्षाला 365 नव्हे, सुमारे 366 फेरे घेते.’

‘आणि तो फेरा कोणत्या खात्यात दाखवतात?’

‘सूर्याभोवतीच्या प्रदक्षिणेत वळता होतो.’

‘वळता होतो म्हणजे? व्हाउचर काय?’

यावर मी निरुत्तर झालो, आणि माझे निरुत्तर होणे हाच पुरावा मानून काका खाली गेले. सूचना लागली ती त्यानंतर. ज्या शहराच्या महापालिकेने 1906 मध्ये देशभर लागू झालेली प्रमाणवेळ बाजूला ठेवून स्वतःची 39 मिनिटे मागची ‘मुंबई वेळ’ 1955 पर्यंत चालवली, त्या शहरातील माणसाला चार मिनिटे इतकी का टोचावीत, हे मला अद्याप उमगलेले नाही.

विनोद बाजूला ठेवून सांगायचे, तर मला याचा खरोखरच संताप येतो. पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहायचे, तर माउंटचा अक्ष त्या जागेच्या अक्षांशाइतकाच कलता लागतो; हा माउंट लंडनच्या 51 अंश अक्षांशासाठी घडवलेला असल्यामुळे मुंबईच्या 19 अंशांवर आणण्यासाठी त्याच्याखाली 32 अंशांची पोलादी पाचर बसवावी लागली. तेवढे झुकवल्यावर वजनाचा दांडा खांबावर आपटू लागला, म्हणून खांब पुन्हा कापून घेतला. एवढे करून अक्ष नेमका रोखण्यासाठी उत्तरेला पाहावे, तर ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 19 अंश वर, आणि नेमक्या त्याच जागी पुनर्विकासाचा टॉवर उभा. त्या टॉवरला सर्व परवानग्या मिळाल्या. माझ्या यंत्राला मात्र ना-हरकत प्रमाणपत्र हवे. जून ते सप्टेंबर ढग, उरलेले महिने धूर आणि हॅलोजन दिवे. आकाशाचे जे काही तुकडे शिल्लक आहेत, त्यांवरही ठराव मंजूर करून घ्यावा लागत असेल तर बोलणेच खुंटले.

तरीही अर्ज केला. सोसायटीच्या छापील नमुन्यात यंत्राचे वजन, विजेचा वापर आणि ‘सभासदांना होणारा उपयोग’ असे रकाने आहेत. शेवटच्या रकान्यात मी ‘गुरूचे चंद्र पाहता येतील’ असे लिहिले. खजिनदारांनी त्यापुढे पेन्सिलने ‘नग किती?’ असा शेरा मारून अर्ज परत पाठवला आहे. माउंटवर लहान दुर्बीण बसवली, तरी तिच्यातून चार दिसतात. पण चार लिहिले, तर ते पुन्हा त्या मिनिटांशी ताळा जुळवायला बसतील.