खुलासा: बेल्ग्रानो हरला, पण पराग्वे स्पेनकडे राहिला नाही

‘1811 मध्ये स्पेनच्या फौजेने मानुएल बेल्ग्रानोला हरवले, म्हणून पराग्वे स्पेनकडेच राहिला’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. ब्वेनोस आयरेसच्या (आजच्या अर्जेंटिनाची राजधानी) क्रांतिकारी सरकारने पाठवलेला सेनापती बेल्ग्रानो याचा पराग्वेतल्या पाराग्वारी (19 जानेवारी) आणि ताक्वारी (9 मार्च) इथे पराभव झाला, एवढे खरे. पण त्याच्याशी लढले ते प्रामुख्याने पराग्वेचेच लोक. पाराग्वारीला स्पॅनिश गव्हर्नर बेर्नार्दो दे वेलास्को तर रणांगण सोडून निघून गेला होता; लढाई जिंकली ती स्थानिक अधिकाऱ्यांनी. हे श्रेय त्यांच्याकडून काढून घेणे अन्यायाचे आहे. 14-15 मेच्या रात्री पराग्वेची राजधानी आसुन्सिओनमध्ये याच स्थानिक अधिकाऱ्यांनी उठाव केला आणि जूनमध्ये वेलास्कोला पदावरून हटवले. ब्वेनोस आयरेसचा अंमलही त्यांनी मानला नाही.