अर्ध्या माणसांचे तळे

माझ्या टेबलावरच्या रेल्वेला रूळ होते, बोगदा होता, मी सोडीन त्या वेळेला सुटणारी गाडी होती आणि पुलाखाली एक तळेही होते. त्या तळ्यात उतरायला मात्र कोणी नव्हते. फलाटावर तीसजण ताटकळत असताना पाण्याकडे एकानेही फिरकू नये, हे मनाला पटेना, म्हणून मी सहा माणसांची एक डबी आणली. एचओ या छोट्या रेल्वेच्या ठरलेल्या मापात सारी सृष्टी ८७ पटींनी लहान असते, त्यामुळे १७४ सेंटिमीटर उंचीचा धडधाकट गृहस्थ तिथे नेमका २० मिलिमीटर भरतो. एवढ्याशा माणसाचा त्रास तो केवढा असणार, असा माझा हिशेब होता.

तळे तोवर जमले होते. रेझिन, म्हणजे घट्ट झाल्यावर काचेसारखा दिसणारा द्रव, आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर ठरलेल्या प्रमाणात घ्यायचे, बुडबुडे न होतील अशा बेताने ढवळायचे, पातळ थर ओतायचा आणि तो घट्ट होईपर्यंत दुसऱ्या थराचे नाव काढायचे नाही. घाई करून एकदम जाड थर ओतला, तर मिश्रणातून निघणारी उष्णता आतच कोंडते आणि तळ्याला तडे जाऊ शकतात. तळ्याची खोली तर सगळी रंगाचीच असते. तीन मीटर खोल पाणी या मापात सुमारे ३४ मिलिमीटर होते आणि माझी फळी तेवढी जाडही नाही, म्हणून मध्यभागी काळपट हिरवा आणि काठाला मातकट रंग देऊन मी ती भागवली होती.

पहिला माणूस मी अखंड उतरवला. त्याला तळाशी चिकटवून शेवटचा थर गुडघ्यापर्यंत ओतला आणि निश्चिंत झोपलो. उभ्या वस्तूला धरून वर चढायची रेझिनला खोड असते, हे सकाळी कळले. चारही बाजूंनी पाणी त्याच्या मांड्यांना बिलगले होते आणि थंडी वाजल्यामुळे त्याने तळेच पांघरायला घेतले आहे, असे दिसत होते. त्याच्या मागच्या बाजूला एक टपोरा बुडबुडाही कायमचा गोठला होता. पाहणारे त्याचा जो अर्थ लावतात, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

तेव्हा उरलेल्यांना कापण्यावाचून गत्यंतर नव्हते. कमरेइतक्या पाण्यातला माणूस हवा असेल, तर त्याला कमरेतच कापून घट्ट झालेल्या पाण्यावर बसवावे लागते. मी ब्लेड टेकवले, जोर दिला, आणि टिक् असा आवाज होऊन गृहस्थाचा वरचा भाग खोलीत कुठेतरी निघून गेला. मी बॅटरी घेऊन जमिनीवर रांगत असताना आई दारात येऊन उभी राहिली.

“काय रे शोधतोस?”

“एका माणसाचा वरचा भाग.”

“खालचा आहे ना?”

“आहे.”

“मग तो आधी नीट ठेव.”

वरचा भाग कपाटाखाली सापडला. तो सुपरग्लूने चिकटवला, तर त्या गोंदाच्या वाफेने भोवतालच्या काचेसारख्या पाण्यावर पांढुरका थर धरला. सकाळचे धुके म्हणून मी तो खपवला असता, पण एकाच माणसापुरते धुके पडल्याचे कोणाला पटणार? शेवटी चमकदार जेल मीडियम, म्हणजे वाळल्यावर पारदर्शक होणारा दाट लेप, ब्रशच्या टोकाने थोपटून त्याच्याभोवती लाटा उठवल्या. त्यांनी पांढुरकेपणा झाकला आणि सांधाही झाकला. तोवर तो पोहणारा कमी आणि अनावरणाची वाट पाहणारा अर्धपुतळा जास्त वाटत होता.

नावेचे त्या मानाने लवकर उरकले: तिचा तळ घासून सपाट केला, एवढेच.

अखेर पाच अर्धी माणसे पाण्यात गेली आणि डबीत पाच जोड पाय उरले. टाकून द्यायला जीव होईना, म्हणून त्यांतला एक जोड मी परवा नावेजवळ उलटा बसवला आणि भोवती भरपूर लाटा केल्या, म्हणजे कोणी नुकताच सूर मारल्यासारखे दिसावे. आईने चष्मा सावरून ते पाय न्याहाळले. काल संध्याकाळी ती पुन्हा येऊन टेबलाशी उभी राहिली.

“हा मेला कालपासून खाली आहे,” ती म्हणाली, “वर येतोय की नाही?”