क्रिप्टो घ्यायचीय? आधी देश निवडा

परवा सीएने माझ्या रिटर्नचा हिशेब पाठवला. तेव्हापासून माझ्याकडे गुंतवणुकीचा सल्ला मागणाऱ्यांची मला फार कीव येते. तरी देतो.

जन्म शक्यतो जर्मनीत घ्या. तिथे सामान्य माणसाने बिटकॉइन वर्षभर सांभाळून विकलं की नफ्यावर कर शून्य. पोर्तुगालही चालेल; वर्षाच्या आत विकलंत तरच 28 टक्के.

जन्म झालाच असेल तर दुबई गाठा. आयकराची भानगडच नाही, आणि प्रत्येकाचा एक मावसभाऊ तिथे असतोच.

एल साल्वाडोरला मात्र उशीर झाला. 2021 मध्ये त्यांनी बिटकॉइनला अधिकृत चलन केलं, अ‍ॅप घेणाऱ्याला 30 डॉलर वाटले. पुढे नाणेनिधीचं कर्ज हवं झालं आणि 2025 मध्ये कायदा पातळ केला.

हे काहीच जमणार नसेल आणि तुम्ही डोंबिवलीतच राहणार असाल, तर नफा करू नका. तोटा तर अजिबातच करू नका.

समजा एका नाण्यात 1 लाख घातले आणि दीड लाखाला विकलं. दुसऱ्यात 1 लाख घातले आणि 40 हजारांत सुटका करून घेतली. शाळेतल्या गणिताने तुमचे 10 हजार बुडाले. आयकराच्या गणिताने तुम्ही 50 हजार कमावलेत! त्यावर 30 टक्के, वर 4 टक्के उपकर, भरा 15,600. रिटर्नमधलं व्हीडीएचं (म्हणजे क्रिप्टोसारख्या आभासी डिजिटल मालमत्तेचं) शेड्यूल उघडून बघा. प्रत्येक विक्रीची वेगळी ओळ : कधी घेतलं, कधी विकलं, कितीला घेतलं, कितीला विकलं. शेवटच्या रकान्यात उत्पन्न, आणि तिथे सूचना की तोटा असेल तर शून्य लिहा. शून्य! अहो, माझे 60 हजार गेले ते काय हवेत विरले? पुढच्या वर्षात ओढायचीही सोय नाही. शेअरमध्ये हात पोळले तर तोटा 8 वर्षं पुढे नेता येतो. जपानमध्ये 55 टक्क्यांपर्यंत कापत आलेत, पण तिथेही एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होतो. अमेरिकेत तर उरलेला तोटा 3,000 डॉलरपर्यंत पगारातूनही वजा मिळतो.

तोट्यात विकलंत तरी 1 टक्का टीडीएस कापला जाईल. हसतमुख राहा.

घरी सांगू नका.

आणि हे सगळं कायदेशीर आहे का, असं तर विचारूच नका. 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना यापासून लांब राहायला सांगितलं. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. 2021 च्या हिवाळी अधिवेशनाच्या यादीत विधेयक होतं, ते मांडलंच नाही. 2022 मध्ये कर मात्र वेळेवर आला. वैध की अवैध हा वेगळा प्रश्न, कर लावणार, असं अर्थमंत्र्यांनी राज्यसभेतच सांगून टाकलं.

बस्स झालं आता. चीनने बंदी घातली, तशी घालायची तर घाला. नसेल घालायची तर कायदा करा, म्हणजे उद्या एक्स्चेंज बुडालं तर माणसाने दाद कुठे मागायची ते तरी कळेल. नफ्यात भागीदार आणि तोट्यात ओळख नाही, हा कुठला न्याय? कर घ्या ना, कोण नाही म्हणतंय? पण बुडालेल्या 60 हजारांपुढे शून्य लिहायला लावता, ही शुद्ध लबाडी आहे. ती सूचना आधी काढा.