सोसायटीची घटना चौदा जणांच्या हाती

"सुधारित उपविधींना मंजुरी देणे." सोसायटीचे नियम, म्हणजे उपविधी (बायलॉज), बदलायचे असले की विशेष सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत बहुतेक वेळा एवढी एकच ओळ असते. सोबत ना जुनी कलमं, ना नवी. सभेत सेक्रेटरी विचारतात, "मंजूर?" पुढच्या रांगांतून "मंजूर, मंजूर" येतं, सूचक-अनुमोदकांची नावं लिहून घेतली जातात आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. माझा या पद्धतीला ठाम विरोध आहे. आमच्याही सोसायटीत आता हा विषय आलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पार्किंग कोणत्या क्रमाने द्यायचं, दुरुस्ती निधीत दरवर्षी किती भरायचं, वरच्या मजल्यावरून गळती झाली तर खर्च कोणी करायचा, सभेला न विचारता कमिटी किती रक्कम खर्च करू शकते, हे सगळं उपविधींवर ठरतं. एरवी ते पुस्तक कपाटात पडून असतं. पण भांडण सहकार खात्याच्या उपनिबंधकांच्या कार्यालयात किंवा सहकार न्यायालयात पोचलं की पहिल्यांदा तेच मागवतात. तुमच्या नोंदणीकृत उपविधीत काय लिहिलंय? तिथे "सभेत नीट सांगितलंच नव्हतं" हे म्हणायला फार उशीर झालेला असतो.

आता मतांचा हिशोब बघा. महाराष्ट्र सहकारी संस्था नियम १९६१ मधल्या नियम १२ प्रमाणे उपविधी बदलायला सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. एकूण सभासदांच्या नव्हे, हजर राहून मत देणाऱ्यांच्या. आणि सरकारने नमुना म्हणून दिलेल्या आदर्श उपविधींप्रमाणे गणपूर्ती (सभा भरायला लागणारी किमान हजेरी) म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. म्हणजे १२० सभासदांच्या सोसायटीत २० जण आले तरी सभा कायदेशीर, आणि त्यातल्या १४ जणांनी हात वर केला की १२० घरांची घटना बदलली. त्या २० मधले पाच जण "आपण कशाला वाईटपणा घ्या" म्हणून गप्प बसले, तर दहाच मतं पुरतात, कारण गप्प बसणारा मोजणीतच येत नाही. गप्प राहणं म्हणजे विरोध नोंदवणं, असं समजणारे शेजारी मी पुष्कळ पाहिलेत. सभा गणपूर्तीअभावी तहकूब होऊन पुन्हा भरली, तर हजर असतील तेवढ्यांवरच कामकाज चालतं. आपल्या जागी प्रॉक्सी पाठवणं नाही, मुखत्यारपत्र दाखवून मत देणं नाही. जो येत नाही, त्याच्या वतीने बाकीचे ठरवतात.

पुनर्विकासासाठी विकासक निवडायचा असेल, तर शासनाच्या २०१९ च्या निर्देशांप्रमाणे सभेला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश हजर लागतात. तिथे माणसं सुट्टी काढून येतात. उपविधींच्या सभेला मात्र पोहे येईपर्यंत खुर्च्या रिकाम्या.

तरीही कायद्यातली अट कडक करा, असं माझं म्हणणं नाही. कितीतरी घरं बंद असतात, मालक परगावी किंवा परदेशी असतात. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांशांची अट घातली तर गरजेचा बदलही वर्षानुवर्षं अडकून पडेल. माझी मागणी साधी आहे: प्रत्येक बदल वेगळा मांडा आणि त्यावर वेगळं मत घ्या. डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं, खाली दोन ओळींत कारण. हा कागद नोटिशीबरोबरच प्रत्येक घरी गेला पाहिजे. सभेच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर शंभर पानांची पीडीएफ टाकणं म्हणजे माहिती देणं नव्हे. विशेष सभेला पाच पूर्ण दिवसांची नोटीस चालते, पण एवढ्या मोठ्या विषयासाठी कमिटीने आपणहून दोन-तीन आठवडे द्यावेत. तसं करायला कुठलाही कायदा आड येत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अहो, हे सरकारचेच आदर्श उपविधी आहेत, त्यात काय बघायचं?" बघायचंच आहे. आदर्श मसुद्यातही बरंच काही सभेवर सोडलेलं असतं. सिंकिंग फंडासाठी (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीसाठी) बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.२५ टक्के हा तळ आहे, पण प्रत्यक्ष दर आपण ठरवायचा असतो. शिवाय त्या मसुद्यात कोणी दोन वाक्यं घुसवली असतील तर ती एकगठ्ठा मंजुरीत कोणाच्या नजरेला पडणार? आणि काही मर्यादा सभेलाही मोडता येत नाहीत: घर भाड्याने दिलं तर घ्यायचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येत नाही, हे २००१ पासून ठरलेलं आहे. सभेने एकमताने जास्त दर ठरवला तरी तो टिकत नाही. तरी अजूनही लोक मोठ्या उत्साहाने असले ठराव मांडतात.

आणखी एक गोष्ट, जी कमिट्यांनाही माहीत नसते. सभेत मंजूर झाला म्हणून बदल लागू होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मधल्या कलम १३ प्रमाणे निबंधकांकडे नोंदणी झाल्यावरच तो वैध ठरतो, आणि त्यासाठी सभेपासून दोन महिन्यांच्या आत ठराव पाठवावा लागतो. पुढच्याच महिन्याच्या बिलात नव्या दराने आकारणी दिसली तर नोंदणीचं पत्र मागा. त्यात भांडण उकरून काढल्यासारखं काही नाही, तो सभासदाचा हक्क आहे.

आमच्या सेक्रेटरींना मी लेखी पत्र देऊन पोच घेतली आहे. कलमवार मतदान घ्या, हात मोजा, आणि हजर किती, बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती हे आकडे इतिवृत्तात लिहा, एवढंच त्यात मागितलंय. काही जणांना वाटतंय की मला सगळे बदल हाणून पाडायचेत. तसं अजिबात नाही. इमारत जुनी होत चालली आहे, प्लंबिंगची कामं वाढताहेत, त्यामुळे दुरुस्ती निधी वाढवायच्या कलमाला माझं मत बाजूने आहे, आणि माझ्या मजल्यावरच्या सगळ्यांनाही मी तेच सांगते आहे. पार्किंगची वार्षिक सोडत बंद करून आज ज्यांच्याकडे जागा आहे त्यांच्याकडेच ती कायम ठेवायच्या कलमाला मात्र मी विरोधात हात वर करणार आहे. दोन्ही कलमं एकाच "मंजूर?" मध्ये आली, तर मी मत कसं द्यायचं?