तारण जातं का, आणि गेलं तर परत येतं का?

‘एकदा तारण झालं की कायमचं झालं, पुढे कसंही जगा’ हे वाक्य (तारण म्हणजे पापापासून सुटका) ख्रिस्ती सभांमधून सर्रास ऐकू येतं, आणि ते सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या नावावर खपवलं जातं. मला ते पटत नाही. खुद्द कॅल्व्हिनच्या अनुयायांनाही पटलं नसतं.

डॉर्टच्या सिनडने, म्हणजे कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या चर्चच्या नेदरलँड्समधल्या सभेने (१६१८-१९), सांगितलं ते वेगळंच. देवाने निवडलेले लोक दावीद आणि पेत्रासारखे गंभीर पापात पडू शकतात. पण देव त्यांना पश्चात्तापाकडे वळवतो आणि शेवटपर्यंत टिकवतो. जो कायमचाच निघून गेला तो? तो मुळात आपला नव्हताच, असं कॅल्व्हिनच्या परंपरेतले लोक १ योहान २:१९ दाखवून म्हणतात. मेथडिस्ट परंपरेचा संस्थापक वेस्ली म्हणेल, होता, पण पडला. गेलेल्या माणसाच्या दृष्टीने दोन्हींत फरक काय पडला, सांगा! ‘कायमची खात्री’ म्हणतात तीही मग तितकी स्वस्त उरत नाही. उद्या मी सोडून गेलो, तर आजचा माझा विश्वासच खोटा ठरणार.

गंमत म्हणजे कॅल्व्हिनच्या मताला विरोध करणाऱ्या, डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० साली आपली पाच कलमं मांडली, तेव्हा नेमका हाच मुद्दा ‘शास्त्रातून अजून तपासायला हवा’ म्हणून उघडा ठेवला होता. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर तीन ओळींत निकाल देतो. आमच्या सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) तर १९७० साली नागपुरात प्रेस्बिटेरियन (कॅल्व्हिनच्या) आणि मेथडिस्ट (वेस्लीच्या) या दोन्ही परंपरांचे लोक एकत्र आले. उपासनेला एकाच बाकावर बसतात, कुणी कुणाला उठवत नाही. कॅथलिकांचं म्हणणं ट्रेंटच्या परिषदेपासून (१५४७) सरळ आहे: प्राणघातक (म्हणजे गंभीर) पापाने कृपा जाते, प्रायश्चित्त संस्काराने (धर्मगुरूपुढे पापकबुली देऊन) परत मिळते.

माझं मत विचाराल तर, विश्वासणारा पडू शकतो. नव्या करारातल्या इब्री ६:४-६ मध्ये ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले, त्यांना ‘खरे विश्वासणारे नव्हतेच’ म्हणणं मला ओढूनताणून वाटतं.

पण तेच वचन पुढे म्हणतं की अशांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे. इथे माझ्या बाजूचे लोक गप्प होतात.

पडलेल्यांना परत घ्यायचं का, हा प्रश्न चर्चपुढे पूर्वीच आला होता. सन २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसने हुकूम काढला: देवतांना बळी अर्पण करा आणि तसा दाखला घ्या. कित्येक ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने अर्पण केलं. काहींनी अर्पण न करताच पैसे चारून दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक चर्चच्या दाराशी परत आले. रोममधला धर्मगुरू नोवेशियन म्हणाला, चर्चला यांना क्षमा करता येणार नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियनही मवाळ नव्हता. येईल त्याला लगेच आत घ्या म्हणणाऱ्यांना त्याने चांगलंच झापलं. पण दार बंद करायला तो तयार नव्हता. दाखला विकत घेणाऱ्यांना चौकशी करून आधी घेतलं. प्रत्यक्ष अर्पण करणाऱ्यांना लांबलचक प्रायश्चित्त दिलं, आणि नव्या छळाची चाहूल लागली तेव्हा त्यांनाही सामावून घेतलं. नोवेशियनचा कडक पंथ वेगळा झाला आणि काही शतकं टिकलाही.

मी सिप्रियनच्या बाजूचा. ते ‘अशक्य’ मी पाठ फिरवूनच राहणाऱ्यांबद्दल वाचतो, दाराशी आलेल्यांबद्दल नाही. कारण तीनदा नाकारणाऱ्या पेत्राच्याच हाती प्रभूने मेंढरं सोपवली. हे वाचन त्या वचनावर पूर्ण बसतं असा माझा दावा नाही. पण नोवेशियनसारखं चपखल बसवण्यापेक्षा मला ही फट चालेल.